पहिली मॅरेथॉन, दिव्यांग खेळाडू आणि निधीचा हिशेब

एखाद्या सामाजिक कामासाठी पैसे उभे करण्याच्या हेतूने लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरण्याची प्रथा भारतात रुजली ती प्रामुख्याने २००४ साली सुरू झालेल्या मुंबई मॅरेथॉनमुळे. जानेवारीत होणाऱ्या या शर्यतीत नामवंत धावपटू, हौशी धावक आणि केवळ सहभागाच्या आनंदासाठी आलेले नागरिक यांच्याबरोबरच सेवाभावी संस्थांसाठी देणग्या गोळा करणाऱ्यांचाही एक मोठा वर्ग असतो. संस्थांची नोंदणी आणि देणग्यांचा हिशेब ही बाजू युनायटेड वे मुंबई ही संस्था सांभाळते, आणि धावक आपल्या नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांना आवाहन करून नोंदलेल्या संस्थांपैकी एखादीसाठी रक्कम उभी करतो. प्रस्तुत लेखिका पुण्यात फिजिओथेरपिस्ट म्हणून, म्हणजे व्यायाम आणि हालचालींच्या आधारे शरीराची कार्यक्षमता सुधारण्याचे काम करते, आणि या व्यवसायातूनच दिव्यांग खेळाडूंच्या एका लहानशा गटाशी तिचा संबंध आला. त्या गटाच्या सरावासाठी निधी उभारताना तिने चाळिशीनंतर धावलेली पहिली मॅरेथॉन, आणि त्या निमित्ताने दिव्यांग क्रीडेच्या अर्थकारणाविषयी तिला जे उमगले ते, हा या लेखाचा विषय आहे.

दिव्यांग क्रीडेचा आधुनिक इतिहास रुग्णालयात सुरू झाला, ही गोष्ट या व्यवसायातल्या कोणालाही जवळची वाटावी अशी आहे. इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथे मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांवर उपचार करणारे डॉ. लुडविग गुटमान यांनी २९ जुलै १९४८ रोजी, म्हणजे लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, व्हीलचेअरवरील १६ स्पर्धकांची तिरंदाजी स्पर्धा भरवली, आणि त्याच उपक्रमाचा विस्तार होत होत १९६० साली रोममध्ये पहिले पॅरालिंपिक भरले. महाराष्ट्राचा या इतिहासाशी थेट संबंध आहे, कारण भारताला पॅरालिंपिकमधील पहिले सुवर्णपदक मिळवून दिले ते सांगली जिल्ह्यातील पेठ या गावच्या मुरलीकांत पेटकर यांनी. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कायमचे अपंगत्व आलेल्या या सैनिकाने १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याची शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकली. त्या वेळी माजी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या संस्थेने खेळाडूंच्या तिकिटांचा खर्च उचलल्याची नोंद आढळते, आणि प्रस्तुत लेखाच्या दृष्टीने ती पदकाइतकीच महत्त्वाची आहे. पदकाच्या आधी प्रवास असतो, प्रवासाच्या आधी सराव असतो, आणि या दोहोंचा खर्च कोणीतरी पदकाची खात्री नसताना केलेला असतो.

हा खर्च नेमका कशावर होतो, याची कल्पना खेळाच्या चाहत्यांनाही सहसा नसते, म्हणून ती येथे थोड्या तपशिलाने मांडणे आवश्यक आहे. दिव्यांग खेळाडूला स्पर्धेत उतरण्यापूर्वी वर्गीकरणातून जावे लागते. कोणाच्या शरीराची कोणती हालचाल किती प्रमाणात मर्यादित आहे हे तज्ज्ञ तपासतात आणि साधारण सारख्या मर्यादा असलेल्या खेळाडूंना एका गटात टाकतात, जेणेकरून स्पर्धेचा निकाल अपंगत्वाच्या तीव्रतेवर न ठरता कौशल्यावर आणि तयारीवर ठरावा. मैदानी खेळांत या गटांना अक्षर आणि आकडा मिळून नाव असते. धावण्याच्या आणि उडीच्या प्रकारांसाठी टी, फेकीच्या प्रकारांसाठी एफ हे अक्षर वापरतात, तर आकड्यावरून अपंगत्वाचा प्रकार आणि त्याची तीव्रता कळते. उदाहरणार्थ ११ ते १३ हे आकडे दृष्टिदोषासाठी आणि ५१ ते ५७ हे बसून फेक करणाऱ्यांसाठी राखलेले आहेत. पॅरिसच्या २०२४ च्या पॅरालिंपिकमध्ये सांगली जिल्ह्यातल्याच आटपाडी तालुक्यातील सचिन खिलारी यांनी १६.३२ मीटर गोळाफेक करून रौप्यपदक मिळवले, ते एफ ४६ या, म्हणजे हाताच्या अपंगत्वाच्या गटात. या वर्गीकरणासाठी खेळाडूला वैद्यकीय कागदपत्रांसह अधिकृत तज्ज्ञ उपलब्ध असतील त्या स्पर्धेच्या ठिकाणी जावे लागते, आणि जो खेळाडू एकट्याने प्रवास करू शकत नाही त्याच्या बाबतीत हा खर्च पहिल्या दिवसापासून दोन माणसांचा होतो.

बसून गोळा किंवा थाळी फेकणाऱ्या खेळाडूची खुर्ची हे या खर्चाचे दुसरे उदाहरण म्हणून जवळून पाहण्यासारखे आहे. ही खुर्ची चाकांची नसते. लोखंडी चौकटीवर बैठक, पाठीला आधार आणि न फेकणाऱ्या हाताने धरण्यासाठी एक उभा दांडा अशी तिची रचना असते, आणि फेकीच्या जोराने ती हलू नये म्हणून ती पट्ट्यांनी जमिनीशी घट्ट बांधावी लागते. उशीसह बैठकीची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त असता कामा नये, दांडा लवचीक असता कामा नये आणि फेक चालू असताना मांड्या बैठकीवरून उचलल्या जाता कामा नयेत, असे नियम असल्यामुळे ही खुर्ची प्रत्येक खेळाडूच्या मापानेच बनवावी लागते. गटातील एका गोळाफेकपटूची खुर्ची भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत एका फॅब्रिकेटरकडे तयार झाली, तेव्हा बैठकीचा उतार ठरवण्यासाठी लेखिका, प्रशिक्षक आणि वेल्डिंग करणारा कारागीर असे तिघेजण त्या मुलीला अर्धवट चौकटीवर बसवून पुन्हा पुन्हा माप घेत होते. उतार थोडा जास्त झाला की तिचे धड मागे कलंडे आणि कमी झाला की मांडी उचलली जाई. पोटाचे स्नायू साथ देत नसलेल्या शरीराला फेकीसाठी लागणारा आधार लोखंडातून मिळवायचा होता, आणि तो कोन जुळल्यावर, सरावात कोणताही बदल न करता, तिची फेक लांबली. वैद्यकीय ज्ञान, प्रशिक्षकाची नजर आणि कारागिराचा हात यांचा असा मेळ जमला तरी त्या लोखंडाचे, मजुरीचे आणि वाहतुकीचे पैसे कोणाला तरी द्यावेच लागतात.

निधी उभारण्याचे काम सुरू झाले ते आवाहनाच्या मजकुरापासून, आणि गटातील खेळाडूंनी त्याबाबत घातलेली एक अट पुढच्या सगळ्या कामाला दिशा देणारी ठरली. आपल्या अपघाताची, आजाराची किंवा घरच्या ओढाताणीची कहाणी या मजकुरात येऊ नये; आपला खेळ, आपली सर्वोत्तम कामगिरी आणि आपल्याला लागणारी साधने एवढेच यावे, असे त्यांचे म्हणणे होते. वरवर पाहता ही अट निधीच्या मुळावर येणारी वाटते, कारण कळवळा आला की हात लवकर खिशाकडे जातो हा सर्वांचाच अनुभव आहे. परंतु कळवळ्यातून आलेली देणगी बहुधा एकदाच येते, ती देणाऱ्याला समाधान देऊन थांबते, आणि खेळाडूला मात्र दर वर्षी नवे टायर, नवे बूट, नवे तिकीट लागतच राहते. त्यामुळे आवाहनाचा मजकूर खर्चाच्या बाबींच्या रूपात लिहिला गेला: व्हीलचेअरच्या ट्यूब-टायरचा एक जोड, फेकीच्या खुर्चीचे पट्टे, दृष्टिहीन धावपटू आणि त्याचा सोबती यांचे स्पर्धेला जाण्यायेण्याचे भाडे, मैदानाचे शुल्क. गणेशोत्सवाच्या वर्गणीत वाढलेल्या समाजाला मागण्याची आणि देण्याची लाज नसते. मंडप, रोषणाई, प्रसाद यांसाठी आपण काय देतो आहोत हे वर्गणी देणाऱ्याला ठाऊक असते, आणि तीच स्पष्टता येथे ठेवल्यावर फूल ना फुलाची पाकळी म्हणून दिलेल्या रकमांनाही एकेका वस्तूचे नाव मिळाले.

देणगीदारांच्या प्रश्नांनी या विषयाच्या दुसऱ्या बाजूकडे लक्ष वेधले. प्राप्तिकर कायद्यातील ८०जी या कलमाखाली मिळणारी सवलत दोन हजार रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीला लागू होत नाही, आणि ज्याने नवी करप्रणाली स्वीकारली आहे त्याला ती मुळीच मिळत नाही, यांसारख्या गोष्टी समजावून सांगणे हा कामाचा सोपा भाग होता. अवघड प्रश्न एकच होता आणि तो सोसायटीतल्या शेजाऱ्यांपासून रुग्णालयातल्या वरिष्ठ डॉक्टरांपर्यंत अनेकांनी विचारला: हे सरकारचे काम नाही का? त्याचे प्रामाणिक उत्तर होकारार्थीच आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले आहेत आणि त्याच्या तिसाव्या कलमाने दिव्यांगांचा खेळातील सहभाग हा त्यांचा हक्क मानून क्रीडासुविधा त्यांना वापरता येतील अशा करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतही, कंपन्यांनी सामाजिक दायित्वाचा निधी ज्या कामांवर खर्च करावा त्यांत, पॅरालिंपिक खेळांच्या प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे. २०२३ च्या डिसेंबरात दिल्लीत पहिल्या खेलो इंडिया पॅरा स्पर्धा झाल्या, टोकियोत १९ आणि पॅरिसमध्ये २९ पदके आली, आणि पदकविजेत्यांना शासनाकडून बक्षिसेही मिळाली. तरीही या सर्व व्यवस्थांची नजर स्वाभाविकपणे दिसलेल्या गुणवत्तेवर असते. ज्या वर्षांत गुणवत्ता अजून दिसायची असते, खेळाडू जिल्हा पातळीवर असतो आणि संस्थेकडे कंपन्यांना हवी तशी कागदपत्रे नसतात, त्या वर्षांत तो पूर्णपणे आपल्या कुटुंबाच्या ऐपतीवर अवलंबून असतो. मॅरेथॉनचा निधी उपयोगी पडतो तो नेमका या पोकळीत, आणि म्हणून तो मागताना शासनाची जबाबदारी संपली असे सुचवणे जितके चूक, तितकेच ती जबाबदारी पार पडेपर्यंत खेळाडूने थांबावे असे म्हणणेही चूक आहे.

मॅरेथॉनचे ४२.१९५ किलोमीटर हे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधील मार्गावरून आले आणि १९२१ साली ते कायम झाले. या अंतराची खरी अडचण शरीराच्या इंधनात आहे. स्नायूंत आणि यकृतात ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या रूपात असलेले इंधन बहुतेकांच्या बाबतीत तीसेक किलोमीटरच्या आसपास आटू लागते आणि पाय एकाएकी जड होतात. धावणारे लोक या अवस्थेला भिंत म्हणतात. तिला तोंड देण्यासाठी महिनोन्‌महिने हळूहळू अंतर वाढवत न्यावे लागते, आठवड्यातून एकदा लांब पल्ल्याची धाव घ्यावी लागते, आणि धावता धावता खाण्यापिण्याची सवय पोटालाही लावावी लागते. लेखिकेचा हा सराव रुग्णालयाच्या कामाआधी पहाटे चाले, आणि त्यातील आठवड्याच्या मधल्या काही धावा तिने गटातील एका दृष्टिहीन धावपटूची सोबती म्हणून केल्या.

सोबती धावकाचे काम, ज्याला मैदानावर सगळे गाईड रनर म्हणतात, बाहेरून दिसते त्यापेक्षा फार कठीण आहे. दोघांच्या हातांत एका आखूड दोरीची दोन टोके असतात, आणि ही दोरी ओढण्यासाठी नसून केवळ एकमेकांची लय कळण्यासाठी असते. दोघांचे जवळचे हात एकाच वेळी पुढे आणि एकाच वेळी मागे गेले पाहिजेत, अन्यथा प्रत्येक पावलाला खांद्याला हिसका बसतो. टी ११ या पूर्ण दृष्टिहीनांच्या गटात खेळाडूच्या डोळ्यांवर पट्टी आणि शेजारी सोबती असणे बंधनकारक असते, सोबत्याने खेळाडूला ओढता कामा नये आणि अंतिम रेषा खेळाडूनेच आधी ओलांडली पाहिजे. साहजिकच सोबती हा खेळाडूपेक्षा वेगवान असावा लागतो, आणि वेगवान माणसाला स्वतःच्या शर्यती सोडून दुसऱ्याच्या वेळापत्रकाप्रमाणे रोज हजर राहण्यासाठी निदान प्रवासखर्च आणि बूट तरी मिळायला हवेत. लेखिकेचा वेग त्या धावपटूला केवळ त्याच्या हलक्या सरावाच्या दिवशी पुरे. ‘ताई, बोलत राहा, नाहीतर मला रस्ता कळत नाही,’ असे तो सांगे, आणि मग चढ, उतार, डावे वळण, पुढे गतिरोधक, उजवीकडे सायकल असे सतत बोलत धावताना तिला स्वतःचा श्वास वाचवून वापरण्याची जी सवय लागली ती पुढे शर्यतीत कामी आली. या धावांचा आणखी एक परिणाम असा झाला की आवाहनाच्या मजकुरातील सोबत्याचे भाडे ही बाब देणगीदारांना समजावून सांगताना तिला दुसऱ्या कोणाचा दाखला द्यावा लागला नाही.

शर्यतीच्या दिवशी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून अंधारातच धाव सुरू झाली आणि मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हाजी अली, वरळी या क्रमाने सागरी सेतूपर्यंतचा भाग फारसा त्रास न होता पार पडला. माहीम आणि शिवाजी पार्कच्या रस्त्यांवर सकाळीच घराबाहेर पडलेले लोक संत्र्याच्या फोडी, चिक्की, मीठ, पाणी घेऊन उभे असतात, आणि अनोळखी माणसांना नावाने हाका मारून धीर देतात. मुंबईच्या या शर्यतीला जो लौकिक आहे त्यात या लोकांचा वाटा मोठा आहे. ऊन चढल्यावर आणि दमट हवेत घाम वाळेनासा झाल्यावर परतीचा पेडर रोडचा चढ येतो, आणि पहिल्यांदा धावणाऱ्या बहुतेकांप्रमाणे लेखिकाही तो चढ चालतच चढली. त्या उकाड्यात तिला व्यवसायातले एक साधे शरीरशास्त्रीय सत्य नव्याने जाणवले. मानेच्या पातळीवर मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या भागात घाम येत नाही, त्यामुळे खेळताना तिच्या शरीराचे तापमान धोकादायक वेगाने वाढू शकते, आणि असे खेळाडू अंगावर पाण्याचे फवारे मारून घेत खेळतात. जो घाम धावकाला नकोसा होतो, त्याची जागा घेण्यासाठी दुसऱ्या एखाद्या खेळाडूला पाणी, सावली आणि मदतनीस यांची तरतूद करावी लागते, आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी रकाना असावा लागतो.

धावकाच्या कष्टांकडे पाहून देणगी देण्याच्या या प्रथेत एक विसंगतीही आहे आणि ती नजरेआड करणे योग्य नाही. व्हीलचेअरवरून मॅरेथॉन पूर्ण करणाऱ्याला १९७५ पर्यंत बोस्टनसारख्या जुन्या शर्यतीत अधिकृत स्थान नव्हते. त्या वर्षी बॉब हॉल यांना, तीन तासांच्या आत अंतर कापले तर प्रमाणपत्र मिळेल अशी अट घालण्यात आली, आणि त्यांनी ते २ तास ५८ मिनिटांत कापले. त्यानंतर शर्यतीच्या व्हीलचेअरचे तंत्र आणि खेळाडूंचा सराव इतका पुढे गेला की स्वित्झर्लंडच्या मार्सेल हुग यांनी २०२१ साली जपानमधील ओइता येथे हेच अंतर १ तास १७ मिनिटे ४७ सेकंदांत पूर्ण केले, म्हणजे पायांनी धावणाऱ्या जगातील सर्वोत्तम धावपटूंपेक्षाही सुमारे चाळीस मिनिटे कमी वेळात. मुंबईच्या शर्यतीत दिव्यांगांसाठी असलेला विभाग मात्र अगदी छोट्या अंतराचा आहे. त्यातील उत्साह मनापासूनचा असतो, पण गंभीर स्पर्धेची जागा तो घेऊ शकत नाही. अशा परिस्थितीत एका हौशी धावकाच्या संथ मॅरेथॉनचे कौतुक ज्यांच्यासाठी ती धावली त्या खेळाडूंच्या कामगिरीपेक्षा अधिक होऊ लागले, तर निधी जमूनही हेतूचे नुकसान होते. म्हणूनच शर्यतीनंतर देणगीदारांना पाठवलेल्या पत्रात लेखिकेच्या वेळेचा उल्लेख एका ओळीत होता आणि उरलेल्या मजकुरात गटातील खेळाडूंच्या त्या हंगामातील स्पर्धा, त्यांचे निकाल आणि खर्चाचा बाबवार हिशेब होता.

या हिशेबातूनच एक निष्कर्ष निघाला. जमलेली रक्कम गटाला एका हंगामासाठी पुरली, त्यातून खुर्ची झाली, टायर आले, प्रवास झाले. पण पुढच्या हंगामाच्या तोंडावर प्रश्न जिथल्या तिथे उभा राहिला, कारण शर्यत वर्षातून एकदा येते आणि सराव रोज असतो. थेंबे थेंबे तळे साचे हे खरे असले तरी त्या तळ्यातून रोज पाणी काढले जाते, हेही तितकेच खरे आहे. तेव्हा देणगीदारांपैकी ज्यांना शक्य होते त्यांनी शर्यतीशी संबंध न ठेवता दरमहा ठरावीक रक्कम द्यावी, अशी विनंती करण्यात आली आणि काहींनी ती मान्य केली. ही मासिक रक्कम शर्यतीच्या निधीपेक्षा लहान असली तरी तिच्या भरवशावर गटाला प्रथमच पुढच्या वर्षीच्या स्पर्धांचे वेळापत्रक आधी ठरवता आले, सोबती धावकाला नियमित भाडे देता आले, आणि कोणत्या स्पर्धेला जायचे नाही हा निर्णयही पैशाच्या चणचणीऐवजी खेळाच्या गरजेनुसार घेता आला. खेळाडूला खेळाडूसारखे वागवणे म्हणजे काय, याचा अर्थ प्रत्यक्षात एवढाच आहे की त्याला पुढच्या वर्षाचा विचार करता यावा.

पहिली मॅरेथॉन धावू इच्छिणाऱ्या आणि तिच्याबरोबर दिव्यांग क्रीडेसाठी निधी उभारू इच्छिणाऱ्या व्यक्तीने म्हणूनच शर्यतीच्या तयारीइतकीच तयारी खेळ समजून घेण्याची करावी: मैदानावर जाऊन सराव पाहावा, वर्गीकरण समजून घ्यावे, साधनांच्या किमती विचाराव्यात, जमल्यास सोबती म्हणून धावावे, आणि आवाहनाचा मजकूर खेळाडूंना दाखवल्याशिवाय कोणालाही पाठवू नये. मॅरेथॉनमुळे लोकांचे लक्ष काही आठवड्यांपुरते वेधले जाते, आणि त्या आठवड्यांत जितके लोक या खेळांचे नियमित आधारस्तंभ होतील तितकाच त्या धावण्याचा उपयोग झाला असे म्हणता येईल. पेटकरांच्या वेळी तिकिटासाठी एका क्रिकेटपटूला पुढाकार घ्यावा लागला होता. आज कायदा आहे, योजना आहेत, पदकांची परंपरा आहे, आणि तरीही जिल्ह्याच्या मैदानावर सराव करणाऱ्या खेळाडूला तिकिटाची चिंता आहे. ती चिंता दूर करणे शासनाचे कर्तव्य आहे, आणि ती दूर होईपर्यंत त्या खेळाडूचे एकही वर्ष वाया जाऊ न देणे हे त्याच्या आसपासच्या समाजाचे काम आहे.